चित्रपटाचे परदेशगमन आणि बोलीचा प्रश्न

एखादा मराठी चित्रपट परदेशी दाखविला गेला की त्याची वार्ता आपल्याकडे ज्या रीतीने सांगितली जाते ती रीत गेल्या शंभर वर्षांत फारशी पालटलेली नाही. दिग्दर्शक तेथे गेला, काही स्नेही मंडळींनी त्याच्या चित्रपटाचा खेळ घडवून आणला, तेथील जाणकारांनी तो वाखाणला आणि दिग्दर्शक मायदेशी परतला, असा ह्या वार्तेचा साचा असतो. पुढे चित्रपटाची समीक्षा होऊ लागली की हीच वार्ता प्रमाण म्हणून पुढे केली जाते. प्रस्तुत लेखात हा साचा तपासून पाहावयाचा आहे. जो चित्रपट तेथे पाहिला गेला तोच आपण येथे पाहतो काय, असा माझा प्रश्न असून, भाषेच्या बाजूने विचार करता त्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी द्यावे लागते, असे मला वाटते.

ह्या विचाराला निमित्त झाले ते ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांतून आमच्या पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी कुणबी बोली आहे, कोणाच्या घरी ठाकरी. व्हेनिसमध्ये नावाजलेला मराठी चित्रपट त्यांना दाखविला असता त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला परदेशी परीक्षकांच्या अभिप्रायांहून अधिक मोलाचे वाटले. त्यांच्याकडे लेखाच्या उत्तरार्धात वळू. प्रथम ह्या साच्याचा मूळ पुरुष पाहणे योग्य होईल.

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या आरंभी प्रथम लंडनला गेले ते चित्रपटाची यंत्रसामग्री आणण्यासाठी. ‘बायोस्कोप’ ह्या तेथील साप्ताहिकाचे ते मुंबईत असल्यापासून वर्गणीदार होते. एवढ्याशा ओळखीच्या बळावर ते त्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आरंभी त्यांना ह्या धंद्यापासून परावृत्त करून पाहिले. पण त्यांचा निश्चय पाहून मग सिसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. दुसऱ्या खेपेस, १९१४ मध्ये, फाळके गेले ते ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे आपले तीन चित्रपट बरोबर घेऊन. ह्या वेळी त्यांचे खेळ झाले ते व्यवसायातील मंडळींसमोर, आणि त्यामागे पहिल्या खेपेस जोडलेला स्नेह होता. आज शुक्रवारी रात्री विमानात बसून सोमवारी सकाळी कामावर हजर होता येते. फाळक्यांचा प्रवास बोटीचा होता. पण स्नेह्याने बोलवावे, स्नेह्याने दाखवावे आणि स्नेह्यानेच छापावे, हा क्रम तेव्हा रुळला तो रुळलाच.

‘बायोस्कोप’ने जून १९१४ मध्ये जे लिहिले त्याचा आशय असा, की तंत्राच्या दृष्टीने हे चित्रपट आश्चर्य वाटावे इतके उत्तम आहेत, आणि हिंदी पौराणिक नाट्ये चित्ररूपाने दाखविण्यावर भर देणे हीच फाळक्यांच्या दृष्टीने सर्वांत योग्य व किफायतशीर दिशा होय. फाळक्यांची चरित्रे हा अभिप्राय अभिमानाने उद्धृत करतात आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्यात स्तुती नेमकी कशाची आहे हे पाहावे. छायाचित्रण स्वच्छ आहे, हा एक भाग; माल खपण्याजोगा आहे, हा दुसरा. हरिश्चंद्राने राज्य का दिले, तारामतीवर शस्त्र उचलताना त्याच्या मनात काय झाले असेल, यासंबंधी अभिप्रायात काही नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. लंडनच्या व्यापाऱ्याला हरिश्चंद्र ठाऊक नव्हता. त्याने एक नेटका चलच्चित्रपट पाहिला. आपण जो ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणतो तो त्याने पाहिला असे म्हणता येणार नाही.

ह्याच्या उलट प्रकार फाळक्यांच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेला होता. १९११ मध्ये गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण आणि रामचंद्र उभे राहत होते, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’मधील लेखमालेत नमूद केले आहे. ह्याला मी भाषांतर म्हणतो, मग त्यात शब्द एकही नसो. प्रेक्षकाजवळ आपला साठा असेल तर परका चित्रपट तो आपल्या साठ्याने भरून घेतो. १९१४ च्या लंडनमध्ये असा साठा नव्हता. म्हणून स्तुती तंत्रापाशी थांबली. हेपवर्थने फाळक्यांना इंग्लंडमध्ये राहून चित्रपट काढण्याविषयी विचारले, दरमहा ३०० पौंड आणि नफ्यात वाटा देऊ केला, आणि फाळक्यांनी तो नाकारला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट देशाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. ज्याची सगळी मांडणी प्रेक्षकाच्या मनातील पूर्वसाठ्यावर उभी आहे त्या कलावंताने तो साठा सोडून वॉल्टनच्या स्टुडिओत बसणे हा धंद्याच्या दृष्टीनेही वेडेपणाच झाला असता. पुढे ऑगस्टात महायुद्ध सुरू झाले, परतलेल्या फाळक्यांची पैशाची मोठी कुचंबणा झाली, आणि ‘लंकादहन’ यायला १९१७ उजाडावे लागले. तो इतिहास प्रसिद्ध आहे.

मूकपटाला एक सोय होती. त्यातला मजकूर पट्ट्यांवर असे, आणि पट्टी बदलली की चित्रपटाची भाषा बदले. फाळक्यांच्या चित्रपटांत इंग्रजी आणि देशी भाषांतील पट्ट्या असत. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी थिएटरात वा तंबूत मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा एक माणूस असे. ह्या माणसाकडे आपल्या अभ्यासकांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. तो नुसता वाचक नसे. वाचतावाचता तो समोरच्या माणसांच्या बोलीत उतरत असे, मध्येच पदरचे घालत असे. नाशिकला तयार झालेल्या चित्रपटांचे डबे मुंबईकडे जात ते कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव ह्या शहापूर तालुक्यातील स्थानकांवरून. मुरबाडला तर रेल्वे आजही नाही. तेथे करमणूक जाई ती बैलगाडीने, आणि तिचा मोठा मुक्काम म्हणजे पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा. महाराष्ट्रातील अशा यात्रांतून तंबूच्या सिनेमाने जो प्रेक्षक घडविला त्याला चित्रपट पोहोचला तो ह्या वाचून दाखविणाऱ्याच्या तोंडून. लंडनमध्ये कॅबोर्न यांनी जे केले तेच काम हा अनाम मनुष्य येथे करीत होता. फरक इतकाच, की कॅबोर्न यांनी चित्रपट दाखविला आणि ह्याने तो सांगितला.

चित्रपट बोलू लागला आणि ही सोय संपली. १९१३ च्या हरिश्चंद्राला पट्ट्या बदलून कोठेही जाता येत होते. १९३२ मध्ये शांतारामांनी तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली तेव्हा मराठीबरोबर ती हिंदीतही वेगळी चित्रित करावी लागली. एका कथेचे दोन चित्रपट झाले. चित्रपट भाषेशी बांधला गेल्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले आहे, आणि ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की अनेक जाणत्यांनी ते गाथेतलेच मानले. आता ही जी कमाई आहे, तीनशे वर्षांपूर्वीच्या कवीची भाषा कानाला ओळखू न येण्याइतकी हुबेहूब साधण्याची, ती व्हेनिसच्या प्रेक्षकापर्यंत कशी जावी? त्याला खरा अभंग आणि नवा अभंग दोन्ही सारखेच परके. तेथे विष्णुपंत पागनिसांची मुद्रा पोहोचली, मांडणीतला साधेपणा पोहोचला. हे थोडे नाही. पण येथील समीक्षक जेव्हा ‘व्हेनिसने मान्यता दिली’ असे लिहितो तेव्हा ती मान्यता कोणत्या अंशाला मिळाली, हे त्याने सांगावयास हवे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला दाखविला गेला. तेथे ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा, असे दोन पुरस्कार त्याला मिळाले. पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळाले. ह्या चित्रपटाचा निर्माता विवेक गोम्बर हा त्यात आरोपीच्या वकिलाचे कामही करतो. म्हणजे स्नेह्यांच्या आधाराने उभे राहण्याची फाळक्यांची परंपरा येथेही आहेच. नारायण कांबळे ह्या शाहिरावर आरोप आहे तो असा, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी हा शाहीर उभा केला.

‘कोर्ट’ हा माझ्या मते मराठीतील भाषाविषयक सर्वांत सखोल चित्रपट आहे. त्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी ऐकू येतात हे परदेशातील समीक्षकांनाही जाणवले. ते जाणवणे सोपे होते, कारण भाषा बदलली हे न कळणाऱ्या कानालाही कळते. परंतु एकाच मराठीच्या आत जे बदलते ते कसे कळावे? सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) न्यायालयात कायद्याचे इंग्रजी एका सुरात वाचते. बाहेर आल्यावर लोकलमध्ये बोलते ती मराठी निराळी, आणि घरी मुलांशी बोलते ती आणखी निराळी. शाहिराची मंचावरील मराठी आणि त्याची साक्षीतील मराठी एक नाही. नूतन कुटुंबासह जे नाटक पाहायला जाते त्यात परप्रांतीयाची टिंगल आहे आणि प्रेक्षागृह हसते. त्या हसण्यात कोणते उच्चार हास्यास्पद मानले जातात हे कळल्याविना त्या दृश्याची धार कळत नाही. इंग्रजी तळटीप ह्या सर्वांना एकाच समान इंग्रजीत लिहिते. तळटीप लिहिणाऱ्याचा हा दोष नव्हे. चौकटीच्या तळाशी दोन ओळींत ह्याहून अधिक मावत नाही.

तरी चित्रपटाचे मर्म आणखी पुढे आहे. मृत कामगाराची पत्नी साक्ष देते तो प्रसंग पाहावा. ती आपल्या साध्या मराठीत दोन-चार शब्दांची उत्तरे देते. न्यायाधीश सदावर्ते ती ऐकतात आणि लेखनिकाला इंग्रजीत मजकूर सांगतात. तिचे शब्द विरतात आणि दफ्तरात राहते ते न्यायाधीशांचे इंग्रजी वाक्य. म्हणजे भाषांतर हाच ह्या दृश्याचा विषय आहे. चित्रपटाच्या आत तळटीप तयार होताना आपण पाहतो. व्हेनिसचा प्रेक्षक काय अनुभवतो? तो तिचे उत्तर इंग्रजीत वाचतो आणि न्यायाधीशांचा मजकूर इंग्रजीत ऐकतो. जे अंतर दाखविण्यासाठी दृश्य रचले तेच अंतर दाखविण्याच्या सोयीमुळे कमी झाले. न्यायालय त्या बाईचे जे करते तेच, अगदी सद्भावनेने, महोत्सवाचे यजमान चित्रपटाचे करतात.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्येही हीच गंमत आहे. बर्लिनच्या महोत्सवात तो फेब्रुवारी २०१६ मध्ये दाखविला गेला, आपल्याकडे प्रदर्शित होण्याच्या दोन महिने आधी. मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, असे आर्ची दरडावून विचारते आणि येथील चित्रपटगृहांत त्यावर शिट्ट्या पडल्या. गावातल्या पाटलाच्या मुलीने ‘इंग्रजी’ हे हत्यार म्हणून उपसावे, यातच तिचा सारा ताठा आहे. आता हा प्रश्न इंग्रजीतच लिहिलेला ज्याने वाचला त्याला धमकी कोणती वाटावी? ‘फँड्री’चे तर नावच मराठीत नाही; तो कैकाडी बोलीतला डुकराचा शब्द आहे. तेथे मुंबईचा मराठी प्रेक्षक आणि परदेशचा प्रेक्षक एकाच पायरीवर उभे असतात, आणि दिग्दर्शकाचा हेतूही तोच असावा, असे मला वाटते.

यजमान मराठीच असले की प्रश्न सुटतो, असे कोणी म्हणेल. जुलै २०२४ मध्ये सॅन होजे येथे शनिवार-रविवार मराठी चित्रपटांचा महोत्सव भरला, येथील कलावंत तेथे गेले. अशा समारंभांतला आनंद खरा असतो. पण तेथील श्रोता ज्या मराठीची आठवण जपून आहे ती बहुधा पुण्यामुंबईची प्रमाण मराठी. बोलीच्या बाबतीत तो येथील शहरी प्रेक्षकाहून पुढे नाही, मागेही नाही.

आणि येथेच शहापूर-मुरबाडचा संबंध येतो. परदेशी प्रेक्षकाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण घरीही हेच चालले आहे. सह्याद्रीच्या ह्या पट्ट्यातील ठाकर समाजावर मराठीत एक महत्त्वाचा चित्रपट निघाला, तो जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांची गीते, अशी ही दुर्मीळ जुळणी होती. चित्रपट आजही ताजा वाटतो. परंतु त्यातली भाषा कोणाची आहे? महानोर अजिंठ्याच्या परिसरातले, पळसखेडचे. त्यांच्या शब्दांना त्या काळ्या मातीचा वास आहे आणि तो गोड आहे. पण माहुलीच्या किंवा सिद्धगडाच्या पायथ्याचा तो नाही. संवादांतून कोकणी वळणे दिसतात. पण एकंदर जी भाषा कानी पडते ती एक संमिश्र ‘रानची मराठी’ आहे, कलावंतांनी कलेसाठी घडविलेली. असे करण्याचा त्यांना अधिकार आहे. आमची तक्रार समीक्षकांबद्दल आहे. त्यांनी हिला ‘ठाकरी बोली’ म्हणून बिनदिक्कत गौरविले. ठाकरी, कातकरी, वारली ह्या बोलींचे नमुने ‘भारतीय भाषा-सर्वेक्षणा’च्या सातव्या खंडात १९०५ मध्येच छापले गेले आहेत. ते एकदा उघडून पाहिले असते तरी हे विधान करण्याआधी लेखणी थबकली असती.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यांकडून गेल्या वर्षी मी एक लहानसा स्वाध्याय करून घेतला. ‘कोर्ट’मधील साक्षीचा प्रसंग त्यांनी तीन रकान्यांत उतरवावयाचा होता. पहिल्या रकान्यात साक्षीदार बाई बोलते ते जसेच्या तसे, दुसऱ्यात न्यायाधीश लिहून घेतात ते, आणि तिसऱ्यात तेच उत्तर आपल्या गावात कोणी दिले असते तर कसे दिले असते ते. कुणबी बोलीच्या विद्यार्थ्यांचा तिसरा रकाना पहिल्याच्या जवळ राहिला; ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला, काही प्रत्यय बदलले, एवढेच. मुरबाडच्या डोंगराकडील वाडीतून येणाऱ्या एका ठाकर विद्यार्थ्याच्या वहीत मात्र निराळा प्रश्न उभा राहिला. त्याने साक्षीदाराच्या तोंडी न्यायाधीशांसाठी ‘तू’ घातला होता. वर्गात इतरांना हसू आले. तो म्हणाला, ‘आमच्याकडे साहेबालाही तूच म्हणतात, सर. त्यात अपमान नसतो.’ हे खरे आहे. ठाकर, कातकरी, वारली समाजांत वडीलधाऱ्या किंवा अधिकारी माणसाला ‘तू’ म्हणण्याची रीत सर्वश्रुत आहे.

ह्या एका ‘तू’चा प्रवास विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावा असे मला वाटते. तो इंग्रजीत गेला तर त्याचे काही बिघडत नाही, कारण इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम आहे. व्हेनिसच्या पडद्यावर हा ‘तू’ निर्धास्त पोहोचेल. अडचण होते ती ठाणे, कल्याण किंवा शहापूरच्या कचेरीत, जेथे भाषा मराठी आहे. प्रमाण मराठीला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन पर्याय ठाऊक असल्यामुळे येथे ‘तू’ एक तर उद्धटपणा ठरतो, नाही तर कारकून तो मुकाट्याने दुरुस्त करतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये ह्या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांनी जमिनीचे दावे दाखल केले. आपण कोणत्या पिढीपासून कोणत्या दळीत नाचणी-वरी पेरतो हे त्यांना सांगावे लागले, आणि ते कचेरीच्या मराठीत लिहिले गेले. लांबची भाषा जे जाऊ देते ते जवळची भाषा अडविते, ही गोष्ट माझ्या मूळ विधानाला थोडी मुरड घालणारी आहे आणि मी ती मान्य करतो. परदेशगमनात बोली हरवते हे खरे. तथापि ती सर्वाधिक कोठे हरवते, याचा शोध विमानतळाच्या अलीकडेच घ्यावा लागेल.

आमच्या विभागात आता ‘कोर्ट’, ‘फँड्री’ आणि ‘जैत रे जैत’ ह्या तीन चित्रपटांचे संवाद ध्वनिलिपीत उतरविण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. त्या मुरबाडच्या विद्यार्थ्याने आपला तिसरा रकाना पुढे नेला. न्यायाधीश लिहून घेतात त्या वाक्याचेही त्याने आपल्या बोलीत रूपांतर करून पाहिले, आणि खाली एक टीप लिहिली, की ‘साक्षीदार म्हणते की’ असे वाक्य सुरू झाले की ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही घालायला जागाच राहत नाही.